फाउंडेशनवाले विचारताहेत "तुम्हाला काय पाहिजे?" – काय सांगू?

बोरीकाठ:
मंडळी, राम राम. जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

माझं अमळनेरला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि गावाकडच्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मी सेक्रेटरी, म्हणजे चहा सांगणारा आणि फोन उचलणारा माणूस. मागच्या हप्त्यात एका कंपनीच्या फाउंडेशनचे दोघं शाळेत येऊन गेले. कंपनी मुंबईची, एक प्लांट आपल्याकडे. पोरंच होती, पंचवीस-सव्वीसची, ताक प्यायले, वर्ग बघितले, मग म्हणे देशाची इकॉनॉमी वाढतेय तर ज्ञान आणि इनोव्हेशन खेड्यापर्यंत पोचलं पाहिजे, आमचं फाउंडेशन त्याच्यासाठीच काढलंय, तुम्हाला काय पाहिजे ते लिहून द्या, फक्त आठ दिवसांत द्या. हेडमास्तरांनी श्वास न घेता यादी सांगितली. स्मार्ट बोर्ड, थ्रीडी प्रिंटर, रोबोटचे किट, एसी, बाहेर मोठी पाटी.

मी गप्प बसलो, कारण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शाळेत असलंच केंद्र बघून आलोय. तिथल्या शिपायाला चावी शोधायला पाऊण तास लागला. आत प्रिंटर, त्याच्यावर फुलाफुलांची चादर, जणू कोणी आजारी माणूस झोपलाय. बाजूला ज्याच्यातून तो वस्तू काढतो त्या प्लॅस्टिकच्या तारेचं रीळ, पावसाळी हवा लागून तार अशी झालेली की हातात घेतली की शेवयीसारखी कटकन तुटायची. भिंतीवर उद्घाटनाचा फोटो. त्यात नऊ मोठी माणसं आणि एक पोरगं, ते पण कडेला अर्धं कापलं गेलेलं.

आणि हे सगळं कुठे, तर अमळनेरच्या शिवारात. २०२४ च्या फेब्रुवारीत इथे साहित्य संमेलन झालं तेव्हा बाहेरगावचे पाहुणे मला तत्त्वज्ञान मंदिराचा पत्ता विचारत होते आणि आपलीच पोरं म्हणत होती, कोणतं मंदिर, मंगळग्रहाचं का? प्रतापशेठनी १९१६ ला ते तत्त्वज्ञान मंदिर काढलं, मिलच्या पैशातून. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एका गिरणीवाल्या शेटजीला वाटलं की इथे बसून लोकांनी विचार करावा आणि त्यांच्या जेवणाखाण्याची, राहण्याची सोय आपण करावी. प्रिंटर नव्हता, माणसं होती.

तर प्रश्न साधा आहे, प्रपोजलमध्ये काय लिहू?

गिरणा_एक्सप्रेस:
भो, बठ्ठं खरं शे, पन चावी कोनाकडे सापडनी ते ते सांग पहिले 😄

मी जळगावला इंजिनिअरिंगला आहे, शेवटच्या वर्षाला. आतापर्यंत चार हॅकेथॉन (एक-दोन दिवसांत काहीतरी बनवून दाखवायच्या स्पर्धा) झाले. एकात आमचा दुसरा नंबर आला, 'शेतकऱ्यांसाठी ॲप'. पुठ्ठ्याचा तो मोठा चेक घेऊन फोटो काढला, पैसे चार जणांत वाटले, एकाने बूट घेतले. ॲप कुठे आहे विचारू नका, ॲप कधी नव्हतंच, बारा स्लाइडी होत्या. आमच्यात एकाच्या घरी शेती, त्याला विचारलं तर म्हणे माझा बाप तर अजून तलाठ्याकडे खेटे मारून राहिला, त्याला ॲप काय सांगू. ही अशी इनोव्हेशन चालू आहे. फाउंडेशनवाल्यांना सांगा स्पर्धा ठेवू नका, कृपा करा.

पांझरा_आबा:
बोरीकाठ, विषय चांगला काढला. मी ग्रंथालयात नोकरी केली, आता रिटायर होऊन धुळ्यात असतो, म्हणून थोडी भर टाकतो.

तत्त्वज्ञान मंदिराला लोक नुसती जुनी इमारत समजतात. तिथे फेलो ठेवत. फेलो म्हणजे काय, तर तू इथे राहा, वाच, लिही, चर्चा कर, महिन्याचा खर्च आमचा. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा कलकत्त्याचा तत्त्वज्ञ, ज्याच्यावर आजही परदेशात प्रबंध लिहितात, तो १९३३ ते ३५ अमळनेरात संचालक होता. मलकानी तर कितीतरी वर्षं होते. त्यांच्या हाताखाली 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' नावाचं इंग्रजी त्रैमासिक निघायचं, आणि त्याच्यावर छापलेलं असायचं अमळनेर. तालुक्याचं गाव! साने गुरुजी पण आधी तिथेच आले, तत्त्वज्ञानाच्या ओढीनं, मग १९२४ ला प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर झाले आणि १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. आता हिशोब मांडा. शेटजींनी पैसा टाकला वेदान्तासाठी, पदरात पडला मास्तर. असला हिशोब कोणत्या अहवालात बसवणार?

आणि आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ ला गेले, त्यांची दप्तरं धुळेकरांनी संशोधन मंडळ काढून जपली. तिथे पुढाकार वकील-मास्तर लोकांचा होता.

केळीवाला_यावल:
आबा, मान आहे तुमचा, पण वेदान्तावर घड धरत नाही.

मी उलट बोलतो, राग मानू नका. खान्देशात गेल्या चाळीस वर्षांत खरं नवं ज्ञान आलं ते धंद्यातून आलं, दानातून नाही. माझे वडील बसराई जातीची केळी लावायचे, घड हातात यायला दीड वर्ष. मुनवे (केळीची पिल्लं) शेजाऱ्याच्या बागेतून आणायचे, त्याच्यासोबत त्याचे रोग पण फुकट यायचे. नव्वदच्या दशकात टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची) ग्रँड नैन जात आली, ठिबक आलं, व्हेंच्युरी लावून ठिबकच्या पाण्यातूनच खत सोडणं आलं, अकरा-बारा महिन्यांत माल कटायला लागला. पाट सोडून नळीनं पाणी द्यायचं म्हटल्यावर गावात लोक हसायचे, केळीला थेंबथेंब पाणी म्हणजे बैलाला चमच्यानं पाणी पाजणं. जैन इरिगेशनच्या भवरलालजी जैनांनी १९६३ ला सात हजार रुपयांवर रॉकेलच्या धंद्यापासून सुरुवात केली, पुढे पाईप, मग ठिबक. त्यांचा माणूस बांधावर यायचा, पुन्हा पुन्हा यायचा. का, तर नळी चोकअप झाली तर पुढच्या वर्षी कोणी घेणार नाही. त्याचा पैसा अडकलेला होता म्हणून तो शिकवत होता. फाउंडेशनवाल्याचा काय अडकलाय? फोटो निघाला की सुटला.

गांधीतीर्थ, म्हणजे जळगावचं गांधीजींचं संग्रहालय, पण त्यांनीच केलं, २०१२ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताईंच्या हस्ते उद्घाटन झालं, चांगलंच आहे, पाहुणे आले की मी दाखवायला नेतो. पण मला विचाराल तर त्या घराण्याचं मोठं काम बांधावरचं.

पथारी_ताई:
केळीवाले दादा, तुमचं बरोबर आहे पण अर्धं. ज्या ज्ञानात विकायला काही नाही ते बांधावर कोण आणणार? हरण्यावर आला का कोणी?

केळीवाला_यावल:
ताई, नेमकी दुखरी नस पकडली. हरण्यावर नाही आला कोणी. बाकीच्यांसाठी सांगतो, हरण्या म्हणजे केळीवरचा सीएमव्ही व्हायरस, मावा कीड तो पसरवते. जुलै-ऑगस्टला ढगाळ हवा झाली की पानावर पिवळे पट्टे, पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) सडतो. झाड उपटून गाडणं हाच इलाज, औषध नाही. विकायला बाटली नाही म्हणून समजावायला माणूस नाही. बांधावरची काकडी-भोपळ्याची वेल काढा एवढंच सांगायचं असतं, पण त्यात कोणाला काय सुटणार. मागे माझी सहाशे झाडं उपटली, बायको बांधावर बसून बघत होती, एक शब्द बोलली नाही.

मान्य, अर्धंच बोललो.

शिरपूरचा_पाणक्या:
पाण्याचं उदाहरण राहिलं म्हणून लिहितोय. पाणी जिरवायचा शिरपूर पॅटर्न सगळ्यांनी ऐकलाय, पण त्यातली गंमत कोणी सांगत नाही.

सुरेश खानापूरकर हे भूजल खात्यातून रिटायर झालेले भूवैज्ञानिक. २००४ च्या आसपास आमच्याकडे कामाला लागले, पाठीमागे आमचे तेव्हाचे आमदार अमरीशभाई पटेल आणि पैसा प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणीचा. म्हणजे इथे पण गिरणीच, आबा. आता आमचा तालुका असा, सातपुड्याच्या पायथ्याला तापीचा गाळ, खाली जाड पिवळी माती, ती पाणी मुरूच देत नाही, आणि दुसरीकडे काळा खडक, त्याची तऱ्हा वेगळी. पाऊस पडतो, पाणी तापीत जातं, विहिरी कोरड्या. त्यांनी काय केलं, नाले रुंद आणि खोल केले, ती पिवळी माती फोडून खालच्या वाळूपर्यंत, नाहीतर फुटलेल्या खडकापर्यंत गेले, मध्ये बिनदाराचे बंधारे. धरणाचं जादा पाणी कोरड्या विहिरींत सोडलं. लोक म्हणायचे डोकं फिरलंय, विहिरीतून पाणी काढतात की विहिरीत टाकतात?

सांगायचा मुद्दा, त्या माणसाला वर्षानुवर्षं एकाच तालुक्यात काम करू दिलं. कोणता नाला कुठे फोडायचा हे तो चालून ठरवायचा. पुढे २०१४-१५ ला सरकारचं जलयुक्त शिवार अभियान आलं आणि खोलीकरणाचं फॅड झालं. पोकलेन सगळ्या गावांना मिळालं, भूवैज्ञानिक कुठून मिळणार? काही ठिकाणी खडक न बघता नाला खणला, पाणी राहिलं नाही, वाळू-मुरूम मात्र ट्रॅक्टरनं बरोबर जागेवर पोचला. आणि आमच्याकडेही सगळं गोडच आहे असं नाही, पाणी आलं तसा ऊस-केळी वाढली, पाणी उपसायच्या हिशोबावर कोणी बोलत नाही.

ताळेबंद:
मी मूळचा धुळ्याचा, पुण्यात सीए आहे, दोन-तीन कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे नफ्यातून समाजकामावर करायच्या सक्तीच्या खर्चाचं, ऑडिट बघतो. मशीनच का येतं, माणूस का येत नाही हे कागदाच्या बाजूनं सांगतो.

कंपनी कायदा २०१३ चा, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. आता कंपनीला फेब्रुवारीत आठवतं की अरे, एवढे लाख शिल्लक. मार्चमध्ये काय विकत घेता येतं? मशीन. बिल येतं, फोटो येतो, फाइल बंद. माणूस मार्चमध्ये विकत घेता येत नाही. बोरीकाठ, तुझे ते 'आठ दिवस' म्हणजे हेच, पोरांचा दोष नाही.

दुसरं, कायदा म्हणतो कंपनीनं आपल्या आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्यावं. म्हणून जिथे कंपन्या तिथेच पैसा, पुणे-मुंबईला रीघ आणि नंदुरबारला अक्षता. तुमच्याकडे प्लांट आहे ही मोठी गोष्ट, सोडू नका.

तिसरं नीट वाचा. सगळे म्हणतात सीएसआरमध्ये पगार चालत नाही. साफ चुकीचं. ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या वरकड प्रशासकीय खर्चाला. प्रोजेक्टवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाचा पगार हा प्रोजेक्टचाच खर्च. आणि 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' दाखवला तर सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालवता येतो, उरलेला पैसा वेगळ्या खात्यात टाकून ठेवतात. म्हणजे जवळजवळ चार वर्षांचा माणूस मागता येतो. कोणी मागतच नाही, सगळे एसी मागतात.

गिरणा_एक्सप्रेस:
सीए साहेब, तुम्ही आमच्या कॉलेजात या हो एकदा, इतकं स्वच्छ अजून कोणी सांगितलं नाही.

सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबचं (शाळेतली हातानं वस्तू बनवायची प्रयोगशाळा) पण असंच काहीसं आहे ना, २० लाख मिळायचे, १० सामानाला आणि १० पाच वर्षं चालवायला. पण मी शिकलो त्या शाळेत चालवणारे म्हणजे आमचे गणिताचे सर, त्यांना बिचाऱ्यांना शालेय पोषण आहाराचा तांदूळ पण मोजायचा होता.

बोरीकाठ:
तांदूळ मोजणारे सर 😂 आमच्याकडे पण तेच आहेत.

अमळनेरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. विप्रो पण इथलीच, १९४५ ला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' म्हणून सुरू झाली, सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ नंबरचा साबण. माझी आजी तोच साबण वापरायची. ज्यांनी कंपनीचे शेअर ठेवले ते आज कुठल्या कुठे गेले आणि आमच्या गल्लीतल्या एका काकांनी विकून म्हैस घेतली, अजून विषय निघाला की काकू भांडी आपटतात. तर विप्रोच्या प्रेमजींनी २०१९ ला जाहीर केलं की आधीचे धरून विप्रोच्या ६७ टक्के शेअरचं उत्पन्न त्यांच्या फाउंडेशनला, आणि हे धरून त्यांच्या सगळ्या दानाची तेव्हाची किंमत १ लाख ४५ हजार कोटींच्या घरात. आणि त्यांचं काम काय, तर सरकारी शाळांतल्या मास्तरांसोबत वर्षानुवर्षं बसणं. एवढा पैसा असून पण ते पाट्या लावायच्या आधी मास्तराजवळ जातात, यातून मला काय ते कळलं.

पांझरा_आबा:
म्हशीनं दूध तरी दिलं असेल. हॅकेथॉनच्या चेकनं ते पण नाही.

पथारी_ताई:
मी नंदुरबारकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. एक प्रसंग सांगते, तुम्हीच ठरवा.

आमच्याकडे मिरचीच्या पथाऱ्या, उघड्या माळावर लाल गालिचा टाकल्यासारखी मिरची वाळत असते. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया तिथे देठ खुडायला जातात, पोरांचे हात पण संध्याकाळी भगभगतात. एका वर्षी अवकाळी पावसानं मिरची भिजली, काळी पडली, आठ दिवस मजुरी बंद. तेव्हा एका संस्थेनं दिलेला किट होता शाळेत. आठवीतल्या दोन पोरांनी पुठ्ठ्यावर तांब्याच्या तारा लावून पाऊस-गजर केला. थेंब पडला की बझर वाजतो. मला तर इतका आनंद झाला, म्हटलं चला पथारीवर दाखवू.

पथारीवाले शेठ खुर्चीत बसलेले. गजर वाजवून दाखवला. ते म्हणाले, "बेटा, पाऊस आला ते मला आभाळ बघूनच समजतं. समजून काय करू? एवढ्या मिरचीवर ताडपत्री ओढायला रात्री दोन वाजता माणूस कुठून आणू?"

पोरं परत येताना काहीच बोलली नाहीत. मला वाटलं मोडली. दुसऱ्या दिवशी त्यातला एक जण वहीत चित्र काढून घेऊन आला, दोन बाजूला खांब, मध्ये तार, ताडपत्रीला कड्या, पडद्यासारखी ओढायची. त्यात चुका होत्या, वाऱ्याचा विचारच केला नव्हता. पण मला वाऱ्याचं गणित येत नाही, मी मराठी-समाजशास्त्राची. सांगणारं कोणी नव्हतं. ती वही माझ्याकडे आहे. पोरगा आता गुजरातमध्ये कामाला आहे.

केळीवाला_यावल:
ताई, त्या चित्राचा फोटो टाका. आमच्याकडे शेडनेटचे फॅब्रिकेटर आहेत, वाऱ्याचं त्यांना कळतं.

शिरपूरचा_पाणक्या:
+१. आणि बोरीकाठ, तू स्वतः मोटारी बांधतोस की. तू का नाही जात शाळेत?

बोरीकाठ:
मी बारावी नापास आहे भाऊ, मला कोण फेलो करेल.

ताळेबंद:
नियमात डिग्रीची अट कुठेच नाही. 'आठवड्यातून दोन दिवस स्थानिक कारागीर, मानधन इतकं' असं लिहिता येतं. मसुदा मला मेल कर, भाषा मी बसवतो, फी म्हणून भरीत-भाकरी.

बोरीकाठ:
(बारा दिवसांनी) अपडेट देतो. हेडमास्तरांशी दोन दिवस भांडलो. शेवटी एक प्रिंटर त्यांचा आणि माणूस माझा असं ठरलं. प्रपोजलमध्ये लिहिलं: एक पूर्णवेळ शिक्षक-कारागीर चार वर्षांसाठी, त्याला पोषण आहार आणि निवडणुकीचं काम द्यायचं नाही, दोन अर्धवेळ (एक फॅब्रिकेटर आणि एक मी, लाज सोडून), आणि पोरांना पथारी, बाग, सूतगिरणी बघायला नेण्याचा एसटीचा खर्च. चावी पोरांच्या मॉनिटरकडे. एसी काढला.

फाउंडेशनच्या पोरीचा फोन आला. म्हणाली, सर, फॉर्ममध्ये 'साहित्य' असा रकाना आहे, 'माणूस' असा रकानाच नाही, मी मॅनेजरला विचारते. म्हटलं विचार बेटा, आणि ऑनगोइंग प्रोजेक्ट पण म्हण. ती म्हणाली तुम्हाला हे कोणी सांगितलं.

गिरणा_एक्सप्रेस:
😂😂 सीए साहेबांचं भरीत पक्कं.

बोरीकाठ:
(अजून एक महिन्यानं) पहिल्या वर्षाचं मंजूर झालं, पुढची तीन वर्षं 'आढावा घेऊन'. अर्धं काम झालं समजा. पूर्णवेळ माणूस अजून मिळाला नाही, जाहिरात दिलीय, जे येतात ते पहिले विचारतात परमनंट होणार का.

मधल्या काळात त्या दुसऱ्या शाळेतला चादरीखालचा प्रिंटर आम्ही उसना आणला. शिपायानं चावी या वेळी पाच मिनिटांत काढली. नवीन रीळ घेतलं, तांदळाच्या कोठीत पिशवीत बांधून ठेवतो, सर तांदूळ मोजतात तेव्हा तेही मोजतात. काल नववीतल्या एका पोरीनं पहिली वस्तू काढली, ठिबकच्या नळीचा जॉइनर. घरी उंदीर नळ्या कुरतडतात म्हणे. तीन वेळा फसला, चौथा बरा निघाला, पण एका बाजूनं थोडा गळतो.

केळीवाला_यावल:
जॉइनर दुकानात दोन-तीन रुपयाला मिळतो. पण पोरीला सांग पाच-सहा काढून ठेव, मी सोमवारी अमळनेरला येतोय, घेऊन जातो आणि बागेत लावून बघतो कुठून गळतो ते.